घोटा, आवृत्ती तीन

बारक्या आज चौदाव्यांदा पडला.
आधी गुडघा, मग खांदा, मग ते पांढरं डोकं
ज्यावर वेदश्रीने मार्करने भुवया काढल्यात.
"सर, हा डाव्याच अंगाले काऊन पडते?"
जुनैद विचारतो,
आणि माझ्या बुटाकडे नजर गेल्यावर
स्क्रू शोधायला टेबलाखाली वाकतो.

मे महिना. कूलर घरघरतोय,
बाहेर सेहेचाळीस,
बजाज नगरचा रस्ता या वेळी कुणाचाच नसतो.
आत टेबलावर उताणा
पंचावन्न सेंटिमीटरचा माणूस,
छातीचं झाकण उघडं.
कुठला स्क्रू किती लांब, कुठली तार कुठून,
पाऊल उचलताना तो मनात कोणतं गणित करतो,
सगळं मांडून ठेवलंय, कुणीही बघावं.
कुठल्याशा बर्फाच्या गावात
एकाने हा गुडघा आखला, आणि खाली लिहिलं:
घ्या. बदला. बदललंत तर सांगा.

माझं कॅलिपर देवगडे मिस्त्रींनी केलं होतं,
मेडिकलच्या मागच्या शेडमध्ये. मी सात वर्षांचा.
त्यांनी सुतळीने माप घेतलं,
सुतळीला गाठी मारल्या, खिशात टाकली.
दोन सळ्या, चामड्याचे चार पट्टे,
घोट्याशी एक कडी,
जी नेमकी तेवढीच वळायची.
कागद नव्हता.
पाय वाढला की नवी सुतळी.

मी अकरावीत असताना ते गेले.
शेडमध्ये बिस्किटांचा एक डबा सापडला,
त्यात गाठी मारलेल्या पन्नासेक सुतळ्या.
कुणाची कोणती, कोण सांगणार?
जुनं कॅलिपर दाखवलं पुढच्यांना,
ते म्हणाले, आता असं नाही करत कोणी.
तेव्हापासून प्रत्येक कडीने मला
थोडं थोडं डावीकडे ढकललं.

रात्री बारक्याचा घोटा सोडवला.
भेग नव्हती कुठेच.
मोटारीच्या कुशीत तापून प्लास्टिक बसलं होतं,
चोरी पकडल्यावर पोर मान घालतं, तेवढा बाक.
आखणाऱ्याच्या गावी उन्हाळा म्हणजे बावीस अंश,
त्याचा काय दोष.
लेथवर अॅल्युमिनियम लावलं,
दोन मिलिमीटर जास्त जाड ठेवलं.
पण अक्ष कुठे धरायचा?
घरी गेलो. माळ्यावरून काढलं
देवगड्यांचं शेवटचं कॅलिपर,
आजच्या माझ्या मांडीला खेळण्यासारखं.
कडीला कोनमापक लावला.
सहा अंश, बाहेरच्या बाजूला.
पस्तीस वर्षं मी लेथवर आहे,
आणि हे मोजावं असं मला कधी सुचलं नाही.

सकाळी बारक्या टेबलाच्या कडेने
सात पावलं चालला.
आठव्याला पडला.
"सर, उजवीकडे! उजवीकडे पडला!"
जुनैद असा ओरडला की
शेजारच्या वर्कशॉपमधले धावत आले,
कुणाला शॉक बसला म्हणून.

नोंद लिहायची होती.
वेदश्री टाइप करत होती, मी सांगत होतो.
नागपूर, मे. खोलीत एकोणचाळीस.
छापलेला घोटा मऊ पडतो, धातूचा करावा.
अक्ष सहा अंश बाहेर.
"आधार काय लिहू, सर?"
देवगडे.
"पूर्ण नाव?"
मी आठवत राहिलो. शेड आठवली, चामड्याचा वास,
दातात धरलेली सुतळी.
आम्ही मिस्त्रीच म्हणायचो.
तिने तसंच लिहिलं, देवगडे मिस्त्री,
आणि माझ्याकडे पाहिलं, आणखी काही?

लिही:
आता उजवीकडे पडतो.
कुणाला कळलं तर सांगा.